जिजी आठवायची कशी

पोरी, परवा फोनवर तू विचारलंस, "काकू, जिजीचं वर्षश्राद्ध आलं. तिच्यावर चार पानं लिहून छापायचीत, सुरुवात कुठून करू?" मी तेव्हा कुकरच्या शिट्ट्या मोजत होते, म्हणून "बघू गं" म्हणून फोन ठेवला. आता दुपार आहे. तुझे तात्याआजोबा जरा आडवे झालेत, आळीत सामसूम आहे, घाटाकडून कुणीतरी धुणं आपटतंय तेवढा आवाज. चाळीस वर्षं सून म्हणून मी जिजींच्या शेजारी ओट्याशी उभी होते. पहिली पाच घाबरण्यात गेली, उरलेल्यांत ज्या चुका करायच्या त्या सगळ्या करून झाल्या, आणि त्या गेल्यावर आणखी दोनचार केल्या. त्या तुला फुकट देते. वही काढ.

१. लिहायला बसण्याआधी माळ्यावर चढ, भांडी खाली घे आणि काठ पुसून बघ — आपल्या घराचं दफ्तर कपाटात नाही, भांड्यांवर कोरलेलं आहे.

२. तांब्याच्या घागरीवर ठिपक्याठिपक्यांनी टोचलेलं नाव तुला अनोळखी वाटेल, पण ते जिजींचंच — लग्नात नवऱ्याने तांदळात अंगठी फिरवून नवं नाव लिहिलं की जुनं नाव माहेरच्या भांड्यांपुरतंच उरायचं.

३. देणाऱ्याचं नाव आणि तारीख असेल तर तीही उतरवून घे — कोणत्या लग्नाला कोण आलं, तेव्हा कुणाशी बोलणं होतं, सगळं त्या एका ओळीत असतं. जिजींच्या एका मामांचं मोठं पातेलं आहे आपल्याकडे, आणि नंतरच्या एकाही भांड्यावर ते मामा नाहीत. का, ते तात्यांना विचार. पण त्यांचं जेवण झाल्यावर.

४. जन्मतारीख शोधताना शाळेच्या दाखल्यावर १ जून दिसली तर हुरळून जाऊ नकोस — पोराची तारीख घरच्यांना सांगता आली नाही की गुरुजी १ जून टाकून मोकळे व्हायचे. तात्यांनी मास्तर असताना किती पोरांना ती तारीख वाटली, ते त्यांनाच विचार, हसतील तरी.

५. म्हाताऱ्या माणसाला "कोणत्या साली?" असं विचारू नये, "तेव्हा काय चाललं होतं?" असं विचारावं — साल डोक्यातून जातं, दुष्काळ आणि पूर हाडात राहतात.

६. आपल्याकडचे खुंटे लिहून ठेव: गांधीजी गेले तो १९४८ चा जानेवारी, पुण्यात पानशेतचं पाणी घुसलं ती १९६१ ची १२ जुलै, कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा, आणि रेशनवर तांबडी मिलो ज्वारी मिळायची तो १९७२ चा दुष्काळ — गोष्ट यांच्या अलीकडची की पलीकडची एवढं कळलं तरी निम्मं काम झालं.

७. तुझ्या बाबांचं वय जिजी भूकंपावरूनच सांगायच्या — ते तेव्हा पाळण्यात होते. घर हललं तशा जिजी एका हातात पोर आणि दुसऱ्या हातात दुधाचं पातेलं घेऊन अंगणात आल्या, मागून तात्या कंदील घेऊन. "पातेलं कशाला आणलंस?" असं तात्यांनी विचारलं, तर म्हणाल्या, "पोर उठल्यावर काय मागेल, कंदील?"

८. जुनी कॅलेंडरं रद्दीत घालण्याआधी एकेक पान उलट — कालनिर्णय १९७३ साली सुरू झालं, आणि आपल्या बायकांनी त्यावर पंचांग वाचलं त्याहून जास्त संसार लिहिला.

९. हे शहाणपण मला सुचलं तेव्हा तीसेक वर्षांची कॅलेंडरं मी रद्दीवाल्याच्या काट्यावर चढवून बसले होते, आणि वर माळा मोकळा झाला म्हणून खूश होते. वाचली ती फक्त फडताळात डब्यांखाली अंथरलेली — कधीकधी आळसच घर राखतो.

१०. त्यातलं एक पान आत्ता माझ्यासमोर आहे, तेलाचा गोल डाग पडलेलं. रोजच्या चौकोनात दुधाचा आकडा. एका ठिकाणी "गॅस लावला", एका ठिकाणी "भिशी ५०", मधेच "नळ नाही". मग सलग चार दिवस दूध दुप्पट, आणि पहिल्या दिवसाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात "मुलगी. सुखरूप." ती मुलगी म्हणजे तू. आपल्या घरात तुझ्या जन्माची नोंद गॅसच्या खाली आणि भिशीच्या वर आहे — कॅलेंडर मी जपून ठेवलंय, येशील तेव्हा ने.

११. पोस्टकार्डं, वाणसामानाच्या याद्या, बरण्यांवरच्या चिठ्ठ्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेव, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको — पावसाळ्यात पिशवीला आतून घाम सुटतो आणि शाई पसरते.

१२. फोटोच्या मागे पेनने लिहू नकोस, मऊ शिसपेन्सिलीने हलकंच लिही — पेनचा दाब पुढे चेहऱ्यावर उमटतो.

१३. काळ्या पानांच्या अल्बममधला फोटो ओढून काढायला जाऊ नकोस, पानासकट फोनवर टिपून घे — मी एकाचा कोपरा उचलला, आणि जिजींच्या धाकट्या बहिणीचा अर्धा पदर पानालाच राहिला.

१४. ग्रुप फोटोतली नावं या आठवड्यात तात्यांना विचार, दिवाळीवर टाकू नकोस — पुढे ढकललेला प्रश्न आणि नीट न वाळवलेला पापड, दोन्हींना बुरशी.

स्वयंपाकाचं जरा सावकाश सांगते, कारण तिथे तुझी घाई मला माहीत आहे.

१५. "जिजीच्या हातची चव" असं लिहिणार असशील तर आधी त्यांची वाटी शोध — सगळं माप त्या एका चेपलेल्या पितळी वाटीत होतं, आणि ती आजकालच्या वाटीपेक्षा लहान आहे. तू मोठ्या वाटीने केलेले लाडू म्हणून बसतात, हात वाईट नाही तुझा.

१६. मेतकुटाचा प्रत्येक जिन्नस वेगळा भाज, हरभऱ्याची डाळ, उडीद डाळ, तांदूळ, गहू, सगळं — गहू खमंग होईपर्यंत थांबलीस तर उडीद काळा झालेला असतो. हळद, हिंग, सुंठ शेवटी.

१७. मेथी "थोडी" म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, हे मला लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात कळलं, पण मूठभर घातल्यानंतर कळलं. दीड किलो मेतकूट कडू विष. जिजींनी ते टाकलं नाही आणि मला बोलल्याही नाहीत. दोन महिने तात्यांना भातावर वाढलं — "मेथी गुडघ्यांना चांगली" असं सांगून. तात्यांना हे अजून माहीत नाही. कळलंच, तर तुझ्याकडून कळलं असं मी समजेन.

१८. तुझ्या आईकडची आजी अजून खुटखुटीत आहे, तिच्याकडे जा आणि ती "थोडं" म्हणत मूठ पातेल्याकडे नेईल तेव्हा मधे ताटली धरून वजन करून घे — आजीचं "थोडं" आणि शिंप्याचं "उद्या", दोन्ही मोजल्याशिवाय खरं धरू नये.

१९. कृतीबरोबर बिघडल्यावर काय करायचं तेही लिही — जिजी जिन्नस कुणालाही सांगायच्या, दुरुस्ती फक्त घरच्यांना. कुरडयांचे गहू तीन दिवस भिजवायचे आणि पाणी रोज बदलायचं, हे सगळेच सांगतात. एक दिवस विसरलं आणि आंबूस वास आला तर काय, हे मला जिजींनी शेजारीण उठून गेल्यावर सांगितलं.

२०. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं, आपल्या घरची प्रत कव्हर नसलेली आहे, ती नवी मागवून जुनी फेकू नकोस — समासात जिजींच्या पेन्सिलीने "तिखट कमी", "ह्यांना नको" असं लिहिलंय. छापलेलं सगळ्यांच्या घरी सारखं, समास तेवढा आपला.

२१. जात्यावरच्या ओव्या उतरवताना ही कुणाकडून आली तेही बाजूला लिही — हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून लाखावर ओव्या जमवल्या, त्या गाणारीच्या नावागावासकट. नाव नाही टिपलं की बाई गळून पडते आणि ओवी "पारंपरिक" होते.

२२. फोनवर आवाज टिपलास तर त्याच दिवशी त्याला नाव-तारीख दे आणि दुसऱ्या कुणाला तरी पाठवून ठेव — "नवीन रेकॉर्डिंग १२" पुढे कुणी उघडत नाही, आणि फोन पाण्याच्या पिंपात पडतो. माझा पडला.

२३. "आजी काय करायच्या?" या प्रश्नाला "काही नाही, घरीच असायच्या" असं लिहिलंस तर मी पुण्याला येऊन कान पिळीन — ज्याला ते काम वाटत नाही, त्याने आठवडाभर घरी असून दाखवावं.

२४. त्यापेक्षा त्यांचा एकच दिवस घड्याळाप्रमाणे लिहून काढ. पहाटे बंब पेटवायचा, नळाला पाणी आहे तोवर पिंपं भरायची, तात्यांचा डबा, तीन पोरांचे डबे, धाकट्याला मांडीवर घेऊन ताक घुसळायचं, दुपारी निवडणं-टिपणं, संध्याकाळी दिवा लागला की पाढे म्हणून घ्यायचे, स्वतः भाकरी थापता थापता. कृष्णाबाईच्या उत्सवात आपल्या घाटाची पाळी आली की प्रसादाचे तांदूळ निवडायला आळीतल्या बायका आपल्याच ओटीवर बसायच्या, त्यांचा चहा वेगळा. — असा एक दिवस नीट उतरला की "कष्टाळू" हा शब्द लिहावा लागत नाही.

२५. आपल्या वाईतच तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी मराठी विश्वकोशाचं काम करत होते. जिजींच्याही नोंदी होत्या, फक्त अकारविल्हे नव्हत्या. कुणाच्या पोराला कोणत्या महिन्यात खोकला धरतो, कोणत्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, कुणाची सून चार दिवसांत हसली नाही — आळीत एकेका बाईकडे बसून अशी एकेक नोंद गोळा कर, मी सांगितलेल्या पुरणार नाहीत.

२६. "प्रेमळ, मनमिळाऊ, हसतमुख" हे तीन शब्द कटाक्षाने टाळ — वर्तमानपत्रातल्या प्रत्येक फोटोखाली ते असतात, त्यावरून जिजी कोणत्या आणि समोरच्या वाड्यातल्या आजी कोणत्या, हे जिजींनासुद्धा ओळखता येणार नाही.

२७. खोडी मात्र लिही. पाच-तीन-दोन खेळताना त्या पत्ता मांडीखाली सरकवायच्या, सुतळीचा वीतभर तुकडाही टाकू द्यायच्या नाहीत, आणि चुलत जावेला लोणच्याची कृती देताना दर वेळी एक जिन्नस विसरायच्या, दर वेळी वेगळा — गुणांनी माणूस चौकटीत जातं, खोडीने घरात राहतं.

२८. लिहिण्याआधी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' पुन्हा एकदा वाच — नवऱ्याला आणि स्वतःला हसत हसत, तरीही मायेने कसं लिहावं, ते तिथे शिकायला मिळतं.

२९. ज्या भांडणातली माणसं आता एकमेकांकडे चहा पितात, ते भांडण छापू नकोस — ते पेल्यात विरघळलंय, ढवळलंस तर पुन्हा वर येईल.

३०. मुलं किती, असं विचारलं की जिजी "पाच" म्हणायच्या आणि आपण मोजायचो चार. तुझ्या आत्याच्या आधीचं एक सव्वा महिन्याचं होऊन गेलं. त्याचं झबलं शालूच्या घडीत आहे, पिवळं पडलंय. ते पानात घ्यायचं की नाही हे तू ठरवू नकोस, मीही नाही, तात्यांना विचारू — ते दोघांचं होतं.

३१. शालू मलमलीच्या फडक्यात गुंडाळून ठेव आणि वर्षातून दोनदा घडी मोडून वेगळी घाल — एकाच घडीवर रेशीम चिरतं. डांबरगोळी जरीला लागू देऊ नकोस, जर काळी पडते.

३२. सुती नऊवारी मात्र आठवण म्हणून कपाटात कोंडू नका, त्यांच्या गोधड्या शिवून घ्या — कपाटातली साडी कसरीची, अंगावरची नातवंडांची.

३३. वाटणीची यादी करताना सोन्याआधी बारकीसारकी चीजवस्तू लिही. सोन्याच्या डबीत जिजींनीच नावांच्या चिठ्ठ्या घालून ठेवल्या होत्या, ठुशी कुणाला, पाटल्या कुणाला. तिथे चकार शब्द झाला नाही. पुरणयंत्राला चिठ्ठी नव्हती. मी आणि तुझी आई त्यावरून आठ महिने बोललो नाही, हे तुला आजवर कुणी सांगितलं नसेल — आणि त्या आठ महिन्यांत दोघींनीही पुरण केलं नाही.

आता जरा कचेरीतलं. कंटाळा करू नकोस, हेही आठवणीतच धर.

३४. मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते, ती आपली वेळेत झाली. पण दाखला हातात आल्यावर खिडकी सोडण्याआधी अक्षर न् अक्षर आधार आणि पासबुकाशी ताडून बघावं — आपल्या दाखल्यात एक काना राहिला, त्या कान्यासाठी तुझ्या काकांनी तीन महिने हेलपाटे घातले.

३५. माहेरचं नाव, सासरचं नाव, आणि कागदोपत्री झालेली त्यांची निरनिराळी रूपं एका पानावर लिहून सगळ्यांना दे — बाईची कागदपत्रं शोधताना आपण एकच नाव शोधतो आणि निम्मी हरवलीत असं समजतो.

३६. तात्यांच्या खात्यांवर नॉमिनी म्हणून अजून जिजींचंच नाव आहे, या खेपेला आलीस की त्यांना घेऊन बँकेत जा — काकांना ते "बघू" म्हणतात, तुला नाही म्हणणार नाहीत. आत शिरताना बाकावर बसवून पाणी दे, सही करताना हात थरथरतो.

३७. नोव्हेंबरमध्ये पेन्शनचा हयातीचा दाखला असतो, त्याची आठवण तुझ्या फोनमध्ये लावून ठेव — आजवर ती आठवण जिजी करायच्या.

३८. भिशी, दूधवाला, फुलवाली, शेजारणीची उसनी साखर, यांच्याकडे स्वतः जाऊन जिजींचं काही राहिलंय का, ते विचार — फुलवाली पैसे घेणार नाही, पण तासभर बोलेल, आणि तुझ्या चार पानांतलं एक पान तिथेच भरेल.

३९. तात्यांसमोर वही उघडून "जिजीबद्दल सांगा ना" असं म्हणू नकोस, "काय सांगायचं" एवढंच म्हणतील. त्यांच्या हातात जिजींचा अडकित्ता दे आणि तू सुपारी मागत बस — हात चालू झाला की तोंड चालू होतं, मास्तर असले तरी.

४०. त्यांचं "अगं" अजून अधूनमधून निघतं, स्वयंपाकघराकडे तोंड करून. कुणी "काय हो तात्या?" म्हणून धावत येऊ नये, मी आतून नुसती भांडी वाजवते — तेवढं पुरतं त्यांना.

४१. पितृपक्षातल्या अविधवा नवमीला सवाष्ण जेवायला असते. त्या दिवशी तात्या पान लवकर आटपून घाटावर जाऊन बसतात. दुपारी चारच्या सुमाराला तू फोन कर आणि जिजींचा विषय काढू नकोस, पाढा अडला म्हण, व्याकरण अडलं म्हण, काहीही — रागावले की बरे होतात.

४२. राहता राहिला जिजींचा आवाज. माझा फोन पिंपात गेला तरी आवाज तुझ्याकडे आहे, कारण तुला आधीच पाठवला होता. चार मिनिटं आहेत, ओवी दीडच. दुसरीच्या मध्यावर त्या ओरडतात, "अगं दूध बघ, दूध!" मग माझी पळापळ, पातेल्याचा आवाज, आणि त्यांचं "गेलं, निम्मं गेलं, कुठे असतं गं लक्ष तुझं." परवा तू म्हणालीस, ओवी सगळ्यांना पाठवू, पुढचं तेवढं कापून टाकते. कापू नकोस — ओवी आळीतल्या बऱ्याच बायकांना येते.